भुताच्या गाण्याला पान्हा

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
दिवाळीनंतरचा रविवार, २००५

चि. प्रियदर्शनी हिला बाळासोमामाचे आशीर्वाद. मामीचेही आहेत. ती आत्ता गोठ्यात आहे, पण तिचे आशीर्वाद लांबूनही ऐकू येतात. इकडे सगळं ठीक चाललं आहे. तुझी आई नेसरीला बरी आहे, गुडघे दुखतात, पण कोणी विचारलं तरच. (विचारणारं कोणी भेटलं नाही की ती एस.टी. धरून इकडे येते.) तिकडे थंडी पडली असेल, कानटोपी घालत जावी. तू कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहेस हे मला माहीत आहे, पण थंडीला ते माहीत नसतं.

तू पाठवलेलं पार्सल पोचलं. पोच कळवायला एवढा उशीर का झाला, हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे, म्हणून जरा लांबेल. पार्सल भर म्हाळात आलं. त्यात तुझा दोष नाही, अमेरिकेतलं पोस्टखातं आपलं पंचांग बघत नसावं. पोस्टमनने ते उंबऱ्यावर ठेवलं, सही घेतली, आणि आत काय आहे ते बघायचं म्हणून पाणी मागून तिथंच टेकला. मी चिकटपट्टी कापली. सगळ्यात वर गाण्याच्या तबकडीचं पाकीट होतं, त्यावरच्या चित्रात मढ्याच्या पेटीतून उठून बसलेला हिरव्या तोंडाचा एक इसम, त्याच्या हातात गिटार, आणि शेजारी एक तरुण बाई. बाईला त्या इसमाची भीती वाटते आहे असं चित्रकाराचं म्हणणं दिसतं, पण तिच्या अंगावरचे कपडे बघता तिला सर्दीचीच काळजी जास्त असावी. मामी बाहेर आली आणि तिने ते पाहिलं. घरात वाडवडिलांना जेवायला बोलवायचे दिवस, आणि दारात हे पावणं. "ह्यो मुडदा घरात येनार न्हाय," ती म्हणाली, "गोठ्यात न्हेऊन ठेवा जावा." पोस्टमन पाणी न पिता गेला. अशा रीतीने तुझ्या कंपनीचा माल आमच्या गोठ्यात उतरला, आणि पुढचं सगळं त्यामुळे झालं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू लिहितेस की चाळीसेक वर्षांपूर्वी तिकडे भुताखेतांची विनोदी नाचगाणी निघाली, त्यातली बरीच चालली नाहीत, लोक विसरले, आणि आता तुमची कंपनी ती कुणाकुणाच्या तळघरातून हुडकून, धुऊनपुसून, पुन्हा तबकड्यांवर छापते, आणि नोकरीधंद्याची, पोरंबाळं असलेली माणसं ती आवडीने घेतात. शिवाय ऑक्टोबरअखेर तिकडे एक सण असतो, त्यात मुलं भुतांची सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागतात, त्या सणाला ही गाणी लागतात. मला यात काही वावगं दिसत नाही. गेलेल्यांनी वर्षातून एकदा दारात येऊन खायला मागावं ही चाल आपल्याकडेही आहे, फक्त आपले कावळा होऊन येतात आणि गोळ्यांवर भागवत नाहीत. (तुझ्या आजोबांना यंदाही वडा गार झालेला चालला नाही.) मला पटलं ते दुसरंच. तेव्हा न चाललेला माल आता चालतो, म्हणजे चाळीस वर्षं थांबायची तयारी असली तर कुठलाही धंदा चालू शकतो. माझी साउंड सर्व्हिस बंद होऊन अजून निम्मीही झालेली नाहीत.

ती सर्व्हिस तुला आठवत असेल. तू लहान असताना कर्ण्यात तोंड घालून आईला हाका मारायचीस. पेठेतलं बारसं असो की बाराव्याचं कीर्तन, कर्णा आपला आणि तबकड्या आपल्या. मग कॅसेटी आल्या, मग घराएवढ्या डॉल्बीच्या भिंती आल्या, आणि मी यंत्र पोत्यात घालून माळ्यावर टाकलं. कर्ण्यात मामी कोंबडी बसवायची. त्यात अंडी चांगली उबतात असं तिचं निरीक्षण आहे. तुझं पार्सल आल्यावर मी कोंबडी उठवली.

यंत्राची सुई गेलेली होती. ती चन्नाप्पाने आणून दिली. चन्नाप्पा म्हणजे आपल्या कोपऱ्यावरचा रेडिओ दुरुस्त करणारा, मूळचा कुरुंदवाडचा. तो गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो आणि यंत्राशी कानडीत, आणि यंत्राशी जास्त अदबीने बोलतो. त्याने सुई बसवली, पण वेगाचा खटका काही त्याला हलला नाही. "तेत्तीसवर बसलाय, बाळासो. तेत्तीसवरच मरंल त्यो," असं म्हणून त्याने हात पुसले. आता तुमच्या त्या लहान तबकड्यांवर मिनिटाला पंचेचाळीस फेरे असं लिहिलेलं आहे. म्हणजे तिकडे ज्या चालीत भूत नाचत असेल, त्या चालीत आमच्याकडे ते रविवारचं मटण हाणून आडवं झाल्यासारखं गात होतं. पण तबकडी दिसायला देखणी. भोपळ्याच्या रंगाची, त्यावर काळे शिंतोडे. चन्नाप्पाला ती आधी बिघडलेली वाटली. मी त्याला म्हटलं, मुद्दाम तशी करतात. तो म्हणाला, मुद्दाम का करतील? यावर तुझ्या पत्रात खुलासा नव्हता.

गाण्याविषयी तू माझं मत विचारलं होतंस. सुरुवातीला दार करकरतं (शेजारच्या गणपतरावांचं फाटक करकरतं तसंच, फक्त शेवटी आपटत नाही). मग वारा, मग साखळी, मग घशात सुपारी अडकल्यासारखं कुणीतरी हसतं, आणि आता काहीतरी भयंकर होणार म्हणून आपण सरसावून बसावं तर एकदम ढोलकं, पिपाण्या आणि नाच. ही भुतं एवढी आनंदात का आहेत ते मला कळलं नाही. आपल्याकडच्या भुताची काही ना काही तक्रार असते. बांध कोरला, नवस राहिला, पोराने बघितलं नाही. तुमच्याकडची नुसती जमतात आणि वाजवतात. भोपळी तबकडीवर मात्र मधेच सगळी वाजंत्री थांबते आणि गाणारा एकटाच कण्हतो, 'ऊंऽऽ' करून, लांबलचक. तेत्तीसच्या वेगात तो आवाज भुताचा राहत नाही. तो रेडकाचा होतो.

इथे मला सौंदर्याविषयी सांगावं लागेल. (सौंदर्या ही आपली म्हैस. मामीच्या माहेरून रेडी म्हणून आलेली, तिला मामीने बोटाने दूध पाजून वाढवली.) श्रावणात ती व्याली आणि आठवडाभरात रेडकू गेलं. त्यानंतर तिने पान्हा चोरला. कासेत दूध आहे, पण सोडत नाही. हात लावला की लाथ. डॉक्टर झाले, झाडपाला झाला. शेजारचे गणपतराव कुंपणावरून म्हणाले, रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं उभं करा, सोडंल. मामीने त्यांच्याकडे बघितलं. "मेलेल्या लेकराचं कातडं आईम्होरं उभं करू व्हय?" एवढंच म्हणाली. गणपतराव घरात गेले. मी विचार केला आणि वडगावच्या बाजारात तिला न्यायचं ठरवलं. भाकड जनावर खात बसतं, आपल्याला ते परवडत नाही, यात भावनेचा प्रश्न नव्हता. मी तसं मामीला सांगितलं. मामी काही बोलली नाही. तुझी मामी काही बोलली नाही, हे मी मुद्दाम लिहितो आहे.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला मी गोठ्यात यंत्र लावून तुझी भोपळी तबकडी ऐकत बसलो होतो. मामी रोजच्याप्रमाणे चरवी घेऊन म्हशीखाली बसली, मिळणार काही नाही हे माहीत असून. दार करकरलं, साखळी वाजली, सौंदर्याने शेपूट हलवली एवढंच. मग तो इसम कण्हला. तिचे कान उभे राहिले. तिने मान वळवली, गव्हाणीमागे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कर्ण्याकडे बघितलं, आणि खालून चरवी वाजायला लागली. पहिली धार पितळेवर पडते तो आवाज तुला माहीत असेल. मी गाणं संपल्यावर पुन्हा लावलं. चरवी भरली. मामी उठली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमचं भूत लई गुनाचं निघालं की ओ." तिला घाम आला असावा.

त्यानंतर मी पद्धतशीर तपासणी केली. बाकीच्या तबकड्या लावून पाहिल्या. कवट्यांच्या नाचाला ती ढिम्म. चेटकिणीच्या गाण्याला तिने चन्नाप्पाला लाथ मारली (तो सुई बघायला आला होता, आता लांबून बघतो). फक्त भोपळी तबकडी, फक्त तेत्तीसचा वेग. दोन वेळा लावायची, दोन वेळा चरवी. वडगावचा बाजार मी तहकूब केला. रद्द केला असं मी कुणालाही म्हटलेलं नाही.

आता पाडव्याचं. पाडव्याला पेठेत म्हशी पळवतात ते तुला आठवत असेल. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांची माळ, आणि मालकाने मोटरसायकलची पुंगळी काढून पुढे फटफट करत जायचं. ज्याची म्हैस गर्दीतून वाट काढत आपल्याच मालकाच्या आवाजामागे पळत येते त्याची ढाल. ढाल बरीच वर्षं गणपतरावांकडे आहे. त्यांची म्हैस चांगली आहे, ते मी नाकारत नाही. यंदा ते कुंपणावरून म्हणाले, "बाळासो, तुमची भाकड बी आणा की. कुनीतरी बघायला पायजेच." मी चन्नाप्पाला बोलावलं.

योजना साधी होती. पेठेत दूध पोचवणाऱ्या आपल्या अमरसिंहचा कॅनचा टेंपो, त्यावर यंत्र, बॅटरी आणि कर्णा, यंत्रापाशी चन्नाप्पा, शेजारी मी. मोटरसायकल नाही, पुंगळी नाही. टेंपो पुढे, भुताचं गाणं मोठ्याने, आणि मागे सौंदर्या. मामीने तिला सकाळपासून नटवली. शिंगं लाल, पाठीवर केस कातरून नाव काढलेलं, कपाळाला आरसा. मी मामीला एवढंच म्हटलं की ती पळाली नाही तर आपल्याला पेठेत राहणं अवघड जाईल. मामी म्हणाली, "पळंल. तुमी फकस्त तबकडी सांभाळा."

आमचा नंबर आला तेव्हा एक पुढारी मांडवात दुग्धव्यवसायावर बोलत होते. अमरसिंहने टेंपो सोडला, चन्नाप्पाने कानडीत काहीतरी म्हणून सुई ठेवली. दार करकरलं. गर्दीतल्या काही बायकांनी मुलं जवळ घेतली. सौंदर्या चालायला लागली, चालता चालता पळायला लागली, आणि मी क्षणभर मागे वळून मांडवाकडे बघितलं, गणपतराव दिसतात का म्हणून. तेवढ्यात रस्त्यातला खड्डा आला. सुई उडाली आणि बरोबर त्या कण्हण्यावर जाऊन बसली. पुढचा खड्डा येईपर्यंत ती तिथून हलली नाही, आणि पुढच्या खड्ड्याने तिला पुन्हा तिथंच आणून ठेवलं. 'ऊंऽऽ, ऊंऽऽ, ऊंऽऽ.' नव्या कर्ण्यांना असला आवाज जमत नाही. माझ्या कर्ण्यातून तो पार नदीपलीकडे गेला असेल.

सौंदर्या उधळली. त्यात नवल नव्हतं. पण तिच्यामागे गणपतरावांची म्हैसही उधळली. ते पुढे पुंगळी फटफटवत होते आणि ती त्यांच्याकडे पाठ करून आमच्यामागे निघाली होती. त्यांनी मोटरसायकल वळवली, ते तिला नावाने हाका मारत होते. मग तिसरी, चौथी, मग सगळ्याच. पेठेतली एकूण एक म्हैस, मोरपिसं, कवड्या, आरसे सगळ्यासकट, आणि त्यांच्यामागे त्यांचे मालक. मी अमरसिंहला म्हटलं थांब. त्याने आरशात बघितलं. आरशात नुसती शिंगं होती. त्याने थांबण्याऐवजी वेग वाढवला. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं, पण मी वयाने वडील असल्यामुळे थांब म्हणणं भाग होतं. मांडव डाव्या हाताला गेला. पुढारी म्हणत होते की जनावर आणि माणूस यांचं नातं, आणि पुढचं मला ऐकू आलं नाही.

रस्ता उतरून पंचगंगेवर जातो. घाटाच्या पहिल्या पायरीवर अमरसिंहने टेंपो थांबवला, आणि म्हशींनी तो दोन्ही बाजूंनी ओलांडला. समोर नदी असताना टेंपोपाशी थांबायचं कारण कुठल्याच म्हशीला नव्हतं. सगळ्या पाण्यात जाऊन बसल्या. गुलाल, रंग, वार्निश, कुणाच्या पाठीवरचं 'कोल्हापूरची शान' सगळं हळूहळू वाहून गेलं. गणपतराव नव्या झब्ब्यासकट गुडघाभर पाण्यात उभे राहून आपल्या म्हशीला समजावत होते. म्हशीने डोळे मिटून घेतले होते. पाण्यात बसलेली म्हैस आणि रुसलेला जावई, दोघं आपल्या सवडीने उठतात, म्हणून मग सगळे मालक पायऱ्यांवर बसले. मामी मागून रिक्षाने आली, येताना फराळाचे डबे घेऊन. तिने सगळ्यांना चिवडा वाटला, गणपतरावांनाही दिला. ते म्हणाले, "बयावैनी, हे काय बरं न्हाय झालं." मामी म्हणाली, "लाडू बी घ्या." त्यांनी घेतला. दिवे लागायच्या सुमारास म्हशी आपण होऊन बाहेर आल्या आणि घरी गेल्या. ढाल कुणालाच दिली नाही. ती पुढाऱ्यांच्या गाडीत राहिली असं ऐकतो.

दुसऱ्या दिवशी पेठेत माझ्याशी कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गणपतराव फाटक करकरवत आले, गोठ्याच्या दारात उभे राहिले, पाऊसपाण्याचं बोलले, पाऊस संपलेला असताना. मग म्हणाले, "बाळासो, आमची बी दोन दिस झालं दूध आखडती. नदीतनं आल्यापास्नं. तुमचं ते भूत जरा द्या की, एक दिवस." मी दिलं नाही. मी यंत्र घेऊन स्वतः गेलो. परक्याच्या हातात तबकडी द्यायची नसते, हे मी साउंड सर्व्हिसच्या काळापासून पाळत आलो आहे. त्यांच्या गोठ्यात मी बसलो, त्यांनी चहा दिला, चहा बरा होता.

तर पोच द्यायला उशीर झाला तो यामुळे. एकंदर प्रकाराविषयी माझं काही मत नाही. तुझ्या साहेबांना नमस्कार सांग आणि कळव की माल सुस्थितीत पोचला, मात्र यापुढे असलं काही पाठवण्याची तसदी घेऊ नये. आम्ही साधी माणसं, आम्हाला भुताच्या गाण्यांचा उपयोग नाही, आणि गोठ्यात जागाही नाही. कानटोपीचं विसरू नकोस.

तुझा,
बाळासोमामा

ता. क. : ती भोपळी तबकडी मात्र अजून दोन पाठव. एक गणपतरावांसाठी. त्यांना सांगू नये की मी मागवली, कंपनीने आपण होऊन दिली असं लिहावं.

आणखी ता. क. : त्या कण्हणाऱ्या गायकाचा ठावठिकाणा कंपनीत कुणाला माहीत असेल तर विचार. तू लिहिलंस की तेव्हा त्याचं गाणं चाललं नाही. हयात असेल तर त्याला कळव की कोल्हापुरात चालतंय. म्हशीचं सांगू नकोस, गैरसमज होईल. नुसतं चालतंय म्हण.

प्रिया, मी मामी. पाकीट डकवायला माझ्याकडं दिलंय म्हणून खाली लिवतीया. मामांनी लिवल्यालं समदं खरं धरू नगं. सौंदर्या भुताच्या गाण्यानं पानवली न्हाय. ज्या दिवशी ह्यांनी वडगावच्या बाजाराचं नाव काढलं, त्या दिवसापास्नं मी तिला धारंच्या वक्ताला सरकी भिजवून, गूळ घालून चारतीया, ह्यांची नजर चुकवून. खायाला लागली की सोडती. भोपळी तबकडी वाजाय लागली की पाटी म्होरं सारायची, दुसरी लागली की न्हाय. मी सांगितलं असतं तर म्हनलं असतं, भाकड जनावराला गूळ चारतीस व्हय. भुतानं केलं म्हटल्यावर गप पटलं. टेंपोत बी सरकीचं पोतं मीच तोंड सोडून ठेवलतं. वाटंनं सांडत गेलं, त्याच्यामागं पळाल्या समद्या. चन्नाप्पाला ठावं हाय, त्यो त्याच्यावरच बसलता.

आता तबकडीचं. धुरळा बसून तिचा आवाज लई बारीक झालाय. धार झाली तरी हे तितंच बसत्यात, कर्ण्याला कान लावून. सर्विस बंद पडल्यापास्नं ह्यांनी एवढं ध्यान कशात घातल्यालं मी बघितलं न्हवतं. तवा दोन न्हाय, चार पाठव.

आनि एक. काल सरकी संपलीती, गूळ बी न्हवता. ह्यांनी गाणं लावलं. मी नुसतीच चरवी घेऊन बसले, म्हटलं आज उघडं पडतंय बाई आपलं. त्यो मानूस कण्हला, आन हिनं चरवी भरून दिली. ह्यांना मी त्ये सांगितल्यालं न्हाय. सरकी मातर आजच आनून ठेवली.